किती उन्हाळ्यांचे टायर

"किती उन्हाळे चालवायचेत, सुलो काका?" पाउलाने विचारलं आणि दोन टायर त्याच्यासमोर भिंतीला टेकवून उभे केले.

बर्फासाठीचे खिळेवाले हिवाळी टायर उतरवून उन्हाळी चढवायला तिच्या टायरांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारायची. पण सुलोला आज तो प्रश्न बोचला. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा टायरांकडे. दुपारी आरोग्य केंद्रात त्याचे डोळे तपासायचे होते. डॉक्टरीणबाईंनी होकार दिला तरच गाडी चालवायचा परवाना पुढे चालू राहणार होता. आणि गाडी थांबली तर तळ्याकाठचं घर सोडून शहरात खोल्या बघाव्या लागणार होत्या, कारण तळ्याकडे बस जात नव्हती.

"फरक काय दोघांत?"

"हा टणक. चार उन्हाळे सहज काढेल. पण पावसात उशिरा थांबतो. हा दुसरा मऊ. ओल्या रस्त्यावर पाय रोवून उभा राहतो, पण दोन उन्हाळ्यांत झिजून जातो."

"म्हणजे एक मी आणि एक हिल्का."

कोपऱ्यात कॉफीत पाव बुडवत बसलेली त्याची बायको म्हणाली, "मऊ कोण, ते सांग आधी."

पाउला हसली. सुलो हसला नाही. त्याने दोन्ही टायरांवरून बोटं फिरवली, दारापर्यंत गेला, परत आला.

"मऊ घ्या काका. तळ्याकडची वाट पावसात कशी होते, मला माहीत आहे."

"आणि त्या वाटेवर तुला शाळेत कोण नेत होतं?"

"तुम्हीच."

"कधी घसरलो?"

"नाही." पाउलाने हात पुसले. "मी तर वाचायलासुद्धा तुमच्या टॅक्सीत शिकले. प्रत्येक पाटी आली की तुमचं सुरू, काय लिहिलंय, वाच बघू."

शाळेची टॅक्सी त्याने आयुष्यभर चालवली होती. मागच्या सीटवर झोपलेलं मूल कधी ब्रेकच्या धक्क्याने जागं झालं नव्हतं. एवढीच त्याची कमाई, असं तो मानायचा.

"टणकच चढव," तो म्हणाला. "चार उन्हाळ्यांचे."

हिल्काने कप खाली ठेवला.

आरोग्य केंद्र दोन वळणं पलीकडे होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याचा एक डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला.

"काय लिहिलंय, वाचा बघू."

पहिली ओळ त्याने खणखणीत वाचली. दुसरीत अडखळला. तिसरीच्या मधोमध धुकं बसलं होतं. त्याने मान तिरकी केली, मुलं करतात तशी, आणि अंदाजाने एक अक्षर सांगितलं.

"अंदाज नको," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी डोळ्यात उजेड पाडून बराच वेळ पाहिलं. दुखणं डोळ्याच्या पडद्याचं होतं, शस्त्रक्रियेने जाणारं नव्हतं. "आजपासून गाडी नको. घरी नेणारं कुणी आहे का बरोबर?"

बाहेर बाकावर हिल्का बसली होती. सुलोने खिशातून किल्ली काढली, हातात उलटसुलट केली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

तिने किल्लीकडे पाहिलं. परवाना तिच्याकडेही होता, पण लग्नानंतर चाक कायम त्याच्याच हातात.

"मी एकदा ट्रॅक्टर खड्ड्यात घातला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे. बाहेर मीच काढला होता."

"मग?"

"मग आधी पाउलाकडे चल."

हिल्काने गाडी दोनदा बंद पाडली. कशीबशी दुकानाच्या अंगणात शिरली, तेव्हा पाउला बाहेर आली. गाडी कोण चालवतंय हे तिने पाहिलं.

"हे काढ," सुलो म्हणाला. "मऊ चढव."

"चढवलेले टायर मी परत घेत नाही, काका."

"ठाऊक आहे."

पाउलाने वाकून टायर पाहिला. "आरोग्य केंद्रापर्यंतच गेलेत. चिखलसुद्धा लागला नाही. आणा आत."

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. सुलोचा उजवा पाय ब्रेक शोधत सारखा चटईवर दाबला जात होता. तिने गिअर उशिरा बदलला की त्याचा जबडा आवळायचा. बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. एका वळणावर हिल्काने घाबरून जोरात ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली," ती म्हणाली.

"थांबणारच."

पुढे पाटी आली. हिल्काने, कुणी न विचारता, ती मोठ्याने वाचली. त्यांच्याच तळ्याचं नाव होतं. सुलोने मान हलवली.

"फाट्यावर उभी कर. नट पुन्हा आवळायचेत."

टायर बदलले की थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळायचे, हे त्याने कधी चुकवलं नव्हतं. पावसात तो प्रत्येक चाकापाशी गुडघ्यावर बसला. याला डोळे लागत नव्हते. पाना मनगटाशी बोलत होता.

शेवटचा नट झाला. पाना मागे ठेवून तो सवयीने डावीकडच्या, चालवणाऱ्याच्या दाराशी गेला आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला. आत हिल्का बसलेली होती. ती पुढे, रस्त्याकडे पाहत राहिली.

सुलोने हात काढला. बाही खाली ओढून तिच्या बाजूचा आरसा नीट, कडेपर्यंत पुसला, आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेला.