फळीवरचा पिस्टन

मी पिस्टन बोलतोय, एसएलआर रायफलीतला. खरं तर आता रायफलीतला नाही, फळीवरचा. नगर-पाथर्डी रस्त्यालगतच्या एका पोलीस तळावर नव्या शिपायांचा वर्ग भरतो. त्या वर्गातल्या प्लायवूडच्या फळीवर मला तारांनी आवळून बसवलंय. वर काच आहे. खाली पांढऱ्या रंगात एकच शब्द लिहिलाय : गंज. तो शब्द माझ्यावर लादलेला आहे, आणि तेच सांगायला मी तोंड उघडलंय.

माझा जन्म बंगालचा, हुगळीकाठच्या कारखान्यातला. दिसायला मी अगदी साधा, वीतभर गोल दांडी. अंगावर स्प्रिंग चढवायची आणि रायफलीच्या नळीवर बसलेल्या बारीक नळकांड्यात मला सारायचं. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा धूर त्या नळकांड्यात शिरतो आणि मला मागे ढकलतो. माझ्या त्या धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवी गोळी आत येते, आणि स्प्रिंग मला पुन्हा जागेवर आणून सोडते. घर अंधारं होतं, अरुंद होतं, पण मी त्यात हलत होतो. कोंडून पडणं काय असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

आमची रायफल मच्छिंद्रच्या नावावर होती. मच्छिंद्र साधा शिपाई, नेवाशाकडचा, माणूस भला. गोळीबाराच्या वार्षिक परीक्षेत आदल्या साली तो थोडक्यात नापास झाला होता. यंदाही चुकला असता तर हवालदारकीचं नाव कायमचं विसरावं लागणार होतं. हे मला कळलं, कारण मला पुसताना तो माझ्याशी बोलायचा. माणसं एकटी असली की लोखंडाशीही बोलतात. "मनकर्णा मोहट्याला जाऊन आली," एकदा तो म्हणाला. मनकर्णा त्याची बायको. "देवीचं कुंकू दिलंय तिनं. यंदा काई चुकायचं न्हाई."

खंडेनवमीला शस्त्रांच्या खोलीत सतरंजीवर रायफली मांडतात. लाकडी दस्त्याला कुंकवाचं बोट लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि पूजा उरकली की पुसून टाकायचं, अशी आमच्याकडची रीत. मच्छिंद्रचं तेवढ्यानं समाधान होईना. त्यानं मला बाहेर काढलं, तेलात कुंकू कालवून नखशिखांत माखलं, हात जोडले आणि तसंच आत सारून दिलं. देवीचं कुंकू पुसायचं कसं, असं त्याला वाटलं असणार. भक्ती खरी होती, जागा चुकली.

परीक्षेच्या सकाळी पहिली गोळी सुटली आणि दुसरी आत आलीच नाही. मी मागे निघालो तो मध्येच रुतलो. तेल, कुंकू आणि काजळी यांचा असा चिकटा झाला होता की पुढे जाता येईना, मागे येता येईना. बाहेर मच्छिंद्र घोडा पुन्हा पुन्हा दाबत होता, ते मला आतून कळत होतं. जन्मात पहिल्यांदा मी घाबरलो.

शस्त्रं दुरुस्त करणारे काकासाहेब धावत आले.

"काय झालं?"

"दुसरी घेतच न्हाई, काकासाहेब."

त्यांनी धूर कमीजास्त करायचा आटा फिरवून पाहिला. उपयोग झाला नाही. मग पुढचं झाकण उघडून मला पकडीनं ओढलं, आणि पकडीचे दात माझ्या अंगात रुतले. स्प्रिंग तपासली, ती ठणठणीत होती. मग स्प्रिंगशिवाय मला नळकांड्यात सोडलं. अशा वेळी मी आपल्याच वजनानं सरसर उतरायला हवं, पण मी अर्ध्यावरच थांबलो. काकासाहेबांनी मला पुन्हा उपसलं, नळकांड्यातून चिंदी फिरवली आणि दुसऱ्या रायफलीचा पिस्टन सोडून पाहिला. तो सर्रकन गेला.

"घर बराबर हाय. ह्योच बिगाडलाय," ते म्हणाले. चिंदी तांबडीलाल झाली होती. त्यांनी ती उन्हात धरली. "गंज हाय ह्यो. साफ करत न्हाईस व्हय रे?"

मच्छिंद्रनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतो. पण गंज म्हणावा तर शिक्षा, आणि यंत्रात कुंकू घातलं म्हणावं तर अख्खा तळ हसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यानं तोंड मिटलं.

काकासाहेब मनानं मऊ. "जुना हुता, खराब झाला असंल," असं म्हणत त्यांनीच प्रकरण मिटवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, तशी माझी गत झाली.

दुसऱ्याचा पिस्टन घालून मच्छिंद्र पास झाला. मला आनंद झाला, खोटं का बोलू. मला रॉकेलच्या डब्यात टाकलं. कुंकू धुऊन गेलं, पकडीच्या दातांचे ओरखडे राहिले, त्यामुळे मी कुठल्याच नळकांड्यात बसेना. मग अंगाला तेलाचा थेंब न लावता मला कोपऱ्यात फेकलं, आणि पावसाळ्यात माझ्यावर खरोखरच गंज चढला. खोट्याचं खरं झालं. त्यानंतर ही फळी, या तारा, ही काच.

आता इथं शिकवतो कोण, तर हवालदार मच्छिंद्र. प्रत्येक नव्या तुकडीसमोर काचेवर छडी ठेवून म्हणतो, "ह्यो बगा, आळसानं गंजलेला पिस्टन." म्हणताना माझ्याकडे मात्र बघत नाही. खंडेनवमीला फळीवर फूल ठेवतो, कुंकू कधी लावत नाही. म्हणजे त्याला सगळं आठवतं. हेच मला जास्त लागतं.

उद्या पुन्हा खंडेनवमी आहे, आणि तिच्यामागोमाग या पोरांची गोळीबाराची परीक्षा. आज माझ्यावरचा तोच धडा संपला आणि पहिल्या बाकावरचा गोरक्ष उभा राहिला. नवा शिपाई, कोपरगावकडचा. त्याच्या खिशावर लाल डाग उमटला होता.

"उस्ताद, आईनं देवीचं कुंकू दिलंय. रायफल आतनं पूजली तर चालंल का?"

छडी काचेवर थांबलीय. वर्ग वाट बघतोय.

मच्छिंद्र, या तारा सोड असं मी म्हणत नाही. मी आता कुठल्याच घरात मावणार नाही. पण या पोराला सांग, की तो गंज नव्हता. हसतील, हसू दे. नाहीतर माझ्या शेजारी अजून एक पिस्टन येऊन बसेल, आणि त्यालाही गंज म्हणतील.

त्यानं तोंड उघडलंय. त्या सकाळीही असंच उघडलं होतं.