तिसरे विसळणे

चक्री फिरत होती. काचेच्या इवल्या डबीत बसवलेली, सहा पात्यांची, नखाएवढी चक्री. पाणी तिला ढकलून पुढे जाई आणि वरच्या पाटीवर आकडा उमटे — ३.८. मिनिटाला तीन पूर्णांक आठ लिटर. मुलीच्या चिठ्ठीत नेमका हाच आकडा निघाला होता, आणि ती चिठ्ठी तिच्या वडिलांच्या, मास्तरांच्या, चिठ्ठीशेजारी टेबलावर उघडी पडली होती. त्यांच्या चिठ्ठीत ३.४.

कार्यशाळेचा हा जुनाच नेम. पाण्याने थंड राहणारा संगणक जोडून झाला की पाणी भरण्यापूर्वी प्रवाहाचे भाकीत चिठ्ठीवर लिहायचे, पाणी खेळू लागले की चिठ्ठ्या उघडायच्या, आणि चार तासांनी जो आकडा राहील तो खरा मानायचा. अकरा वर्षे त्यांचीच चिठ्ठी खरी ठरत आली. म्हणून तर सारे त्यांना मास्तर म्हणत. आज सकाळी मालकीणबाईंनी हसत हसत सांगून टाकले होते, की मुलीचा आकडा टिकला तर आराखड्याचे टेबल तिचे, आणि मास्तरांनी घरी बसून कुंड्यांना पाणी घालावे; न टिकला तर आहे तसे चालू द्यावे.

टिकणार नव्हता. हे त्या खोलीत केवळ त्यांनाच ठाऊक होते.

नवा रेडिएटर आतून मळलेला असतो — डाख लावताना सांध्यांत राहिलेली राळ, धातूचा कीस. कोमट पाण्याने तो तीनदा विसळावा लागतो, नाहीतर ती घाण सावकाश सुटते आणि प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यात, केसाएवढ्या फटींत, जाऊन बसते. प्रवाह मंदावत जातो. विसळण्याचे काम पहिल्यापासून त्यांचे. दुसऱ्याला ते करूच देत नसत. काल दोनदा विसळून झाले होते, तिसऱ्यांदा त्यांनी नळावर हात ठेवला… आणि हात तसाच राहिला. विसरलो का मी? नाही. नळाची चकती बोटांना गार लागली होती, इतके स्वच्छ आठवते. मग मी हात पुसले — निगुतीने, एकेक बोट — आणि रेडिएटर तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. “तीनदा ना, बाबा?” असेही तिने विचारले नाही. माझ्या कामाविषयी तिने कधीच काही विचारलेले नाही.

बाकी सर्व मात्र ती मोजून घेई. पंप, नळ्या, कोपरे, ठोकळा — एकेक भाग सुटा जोडून, बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून तिने पाहिले होते, तेही एकदा नव्हे, पाचदा. ही खोड त्यांनीच लावलेली. ती सहा वर्षांची असताना न्हाणीघरातल्या नळाखाली तांब्या धरून त्यांनी तिला तो भरेपर्यंत आकडे मोजायला लावले होते. तिने अंदाजाने “साठ” म्हटले म्हणून तोच तांब्या तिच्या डोक्यावर ओतला होता, ऐन थंडीत, आणि सांगितले होते की मोजल्यावाचून बोलणाऱ्याचे तोंड असेच बंद करावे. कुडकुडत ती पुन्हा मोजू लागली होती. एकोणऐंशी. बरोबर होते… त्या दिवशी त्यांना तिचा केवढा अभिमान वाटला होता!

३.७. मग बराच वेळ तेच. मग ३.६.

मुलगी नळ्या चाचपू लागली, कुठे मुरड पडली आहे का पाहू लागली. टाकी हलवून तिने अडकलेली हवा काढली. रेडिएटरकडे तिचे बोट गेलेच नाही. ते खुर्चीत शांत बसून होते. चौथा तास भरला तेव्हा पाटीवर ३.४ होते — त्यांचाच आकडा, जणू घाणीलाही त्यांचा शब्द मोडवेना.

मालकीणबाई आल्या, दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या, म्हणाल्या, “जुनं ते सोनं, दुसरं काय! पोरी, अजून वर्षभर बापाच्या हाताखाली घास.” आणि निघून गेल्या.

मुलीने वही उघडली, आपले पाच पानांचे गणित पुन्हा वाचले, आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

“बाबा, कसं ओळखलंत? मी तर एकेक भाग मोजला होता.”

“सुटे भाग मोजून कळत नाही, बाळ. एकत्र आले की पाणी बुजतं. एकूण येईल त्यातून दहावा हिस्सा वजा करायचा.”

वाक्य आपोआप आले, घडीव, एखाद्या सूत्रासारखे. असा नियम जगात कोठेही नव्हता.

“तुम्ही मोजून पाहिलंय?”

“हाताला कळतं.”

तिने मान हलवली. पाचही पानांवर सावकाश, पट्टी धरून, तिरपी रेघ मारली, आणि नव्या पानावर लिहू लागली — पाणी बुजते. दहावा हिस्सा वजा. तिच्या खांद्यावरून त्यांना पाटी दिसत होती. ३.३. ते उठले आणि पाटी झाकेल असे डबीपुढे उभे राहिले. तिने मान वळवावी, बाबा सरका, आकडा पाहू द्या, असे म्हणावे — आपण याची वाट पाहत आहोत हे ध्यानात येताच ते दचकले. सरकले मात्र नाहीत.

तिने पेनाला टोपण लावले. वही मिटली. पाठीमागे चक्री फिरत होती, आणि आता ती मोजणारे त्या खोलीत कोणी उरले नव्हते.