वाफेवरचं चाक

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत महादेवप्पांचा औषधांचा कारखाना होता. तिथं वाफेचा दाब एका झडपेत नुसता वाया जायचा. त्या झडपेच्या जागी छोटं टर्बाइन बसवून वीज काढायची, हे जवळच्या निर्णा गावच्या योगीराजनं मनावर घेतलं. २००४ साली पुण्याची नोकरी सोडून तो बायको भाग्यलक्ष्मीसह गावाकडं परतला. दोघंही इंजिनियर. टर्बाइनचं पात्यांचं चाक त्यानं आखलं. वाफ कडेनं आत शिरून पात्यांवरून मध्याकडं वळते, तेव्हा किती ताकद देऊन जाते, याचं गणित तिनं संगणकावर मांडलं.

पहिल्या चाचणीत गणितापेक्षा वीज बरीच कमी आली.

"पाती आणि आवरणात फट जास्ती हाय," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "वाफ काम न करताच निसटायलीय."

"फट कमी केली तर तापल्यावर पाती घासतील की."

"न्हाई घासणार. तापून किती फुगतंय तेबी धरलंय मी."

योगीराजनं तिचे आकडे पुन्हा तपासले आणि हसला. "व्हय गं. मीच भ्यालो."

नवं आवरण कातून आणायला तो टेम्पोनं हैदराबादला गेला. परतताना जहीराबादजवळ लॉरीनं धडक दिली. आवरणावर ओरखडाही उमटला नाही. योगीराजच्या डोक्याला मार बसला.

तो वाचला. पण बोलू लागला तेव्हा आई बाणूबाईला त्यानं ओळखलं, बायकोला नाही. तिला तो 'अक्का' म्हणायचा.

"अक्का न्हाई रे, बायको हाय तुझी," बाणूबाई समजावायची. तो लाजून मान खाली घालायचा. शेवटी भाग्यलक्ष्मीच म्हणाली, "राहू द्या आत्या. हाक तरी मारायलेत."

पावसाळा सरल्यावर तिनं नवं आवरण बसवलं. चाचणीला त्यालाही नेलं. वाफ सोडताच चाक फिरू लागलं, आवाज चढत चढत शिटीसारखा बारीक झाला. पाती घासली नाहीत. विजेच्या मीटरचा काटा तिच्या आकड्यापाशी जाऊन ठरला.

ती नवऱ्याकडं धावली. "अहो, जुळलं! तुमचं चाक चालायलंय, बघा!"

त्यानं दोन्ही कान दाबून धरले होते. "अक्का, लई आवाज. घरी चल."

महादेवप्पा दुसऱ्या टर्बाइनचं बोलत होते. "उद्या येते अप्पा," म्हणून ती निघाली. महामार्ग ओलांडताना त्यानं धाकट्या भावासारखा तिचा हात घट्ट धरला. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून रडली, आणि तो सारखा विचारत राहिला, "कामून रडायलीस, अक्का?"