गेब्रिएलचा दिवस

"एकसष्ट झाले," बोटांची पेरं मोजत एमाये म्हणाल्या. "अजून एकोणीस."

हिरुतच्या मुलीचा बाप्तिस्मा जन्मापासून ऐंशीव्या दिवशी व्हायचा. त्यात एक दिवसही इकडेतिकडे झालेला त्यांना खपला नसता. हॅमिल्टनच्या त्या मोटेलात निर्वासित म्हणून आश्रय मागून निकालाची वाट बघणारी दीडेकशे माणसं राहायची, आणि त्यातले सगळे इथिओपियन शिताये बाईंना एमाये, म्हणजे आई, म्हणायचे. त्यांची स्वतःची सुनावणी दोन वर्षं रखडली होती. खोलीत कॉफी भाजली की धुराची घंटा कोकलायची, म्हणून त्या कॉफी बाहेर पार्किंगमध्ये भाजायच्या.

हिरुतच्या डोक्यात मात्र वेगळाच आकडा होता. बारा. बारा दिवसांनी तिची सुनावणी. होकार आला तर नैरोबीत अडकलेल्या नवऱ्याला, येरेडला, बोलावता येणार होतं. त्यानं लेकीचं तोंड अजून फोनवरच पाहिलं होतं. नकार आला तर... तिथून पुढे ती विचारच करत नसे. छोट्या ब्लेनला मांडीवर घेऊन ती रोज उत्तरं घोकायची.

"एकोणीस एप्रिलला सैनिक घरात शिरले..."

"एप्रिल?" एमायेंनी मान वर केली. "अगं, त्या दिवशी तू गेब्रिएल देवदूताच्या उत्सवाची भाकर भाजत होतीस म्हणालीस ना? मी म्हटलं होतं, पोरीला बाप्तिस्म्याचं नाव त्याच्याचवरून ठेवू."

"हो. तहसासची एकोणीस."

"मग? तहसासातला गेब्रिएलचा मोठा सण इथल्या लोकांच्या एप्रिलात कसा येईल? तेव्हा यांचा नाताळ चाललेला असतो!"

हिरुतनं घाईनं अर्जाची प्रत काढली. तहसास आपल्या इथिओपियन वर्षाचा चौथा महिना, इकडचा डिसेंबर. अर्ज भरताना इकडचं वर्ष काढायला तिनं सरसकट आठ मिळवले होते, डिसेंबरला सातच लागत असताना, आणि महिना आकड्यानं तसाच लिहिला होता. चार, म्हणजे इकडचा एप्रिल. आणि पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का फेब्रुवारीतला!

"म्हणजे मी देश सोडल्यावर दोन महिन्यांनी सैनिक आले! खोटारडी ठरवतील मला, एमाये. आणि मी शाळेत गणित शिकवायचे!"

"पोरांचं नशीब," एमाये म्हणाल्या. "रडतेस कशाला? दे इकडे लेकीला. आधी वकीलबाईंना फोन कर."

वकीलबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "दुरुस्ती सुनावणीच्या दहा दिवस आधीपर्यंतच घेतात. आज बुधवार. शुक्रवार शेवटचा. पुरावा काय देशील?"

हिरुतनं एमायेंकडे पाहिलं. एमायेंनी खोलीत जाऊन भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं. दोन्हीकडच्या तारखा शेजारी शेजारी, आणि तहसासच्या एकोणीसवर पंख पसरलेला गेब्रिएल.

"मागच्या वर्षाचंही आहे, त्याच्या आधीचंही आहे," त्या म्हणाल्या. "मी देवाला कचऱ्यात टाकत नाही."

सुनावणीच्या दिवशी हिरुतनं घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. वकीलबाईंच्या ऑफिसातल्या पडद्यावर अधिकारी बाईंनी कागद चाळले आणि ज्याची भीती तेच विचारलं. "ही तारीख का बदलली?"

घोकलेलं सगळं उडून गेलं. हिरुतनं भाकरीपासूनच सुरुवात केली: पीठ आदल्या दिवशी भिजवलेलं, येरेड चर्चमधून नुकताच परतलेला, दार फुटलं तेव्हा भाकर अजून चुलीवरच होती. "बाई, आकडा मी चुकले. दिवस चुकले नाही."

त्या बाईंनी कॅलेंडरच्या पानावरच्या दोन्ही तारखा अर्जाशी पडताळून पाहिल्या. अर्ध्या तासानं त्यांनी तिथल्या तिथेच निकाल सांगितला. होकार. दुभाष्याला तो दोनदा सांगावा लागला.

मोटेलच्या दारात एमाये ब्लेनला पाठीशी बांधून फेऱ्या मारत होत्या. हिरुतचं तोंड बघूनच त्यांना कळलं, आणि त्यांनी भर पार्किंगमध्ये जिभेनं असा लांबलचक जयघोष केला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. ब्लेन दचकून रडायला लागली. हिरुतनं तिला घेतलं, आणि किती महिन्यांनी तिचे खांदे खाली आले.

"येरेडला सांगितलंस?"

"फोन उचलला आणि नुसता रडतोय."

"रडू दे. ऐंशीवा दिवस पुढच्या सोमवारी. नाव ठरलं, वेलेते गेब्रिएल. गेब्रिएलची लेक." मग एमायेंनी शालीच्या घडीतून एक चुरगळलेली फाईल काढली. "आता मास्तरीणबाई, कॉफी होईपर्यंत माझे कागद तपास. त्यातल्या जन्मतारखेनं मी माझ्या थोरल्या लेकाहून लहान निघेन बहुतेक."

हिरुतनं फाईल उघडली. पहिल्याच पानावर ती हसली, आणि पेन शोधायला लागली.