मागून येणारा भाऊ

आमच्या गल्लीतल्या अयोध्याला एकटीनं सोलापूरला जायचंय. परवा आली आन म्हणाली, "शांताक्का, तुमी रझाकारांच्या वक्ताला एकट्या जळकोटला जाऊन आलाव. एकटीनं जाताना काय ध्यानात ठिवावं, सांगा की." सगळ्या गावाला तेवढंच ठाऊक. शांताक्का लई धीराची! जळला मेला तो धीर. म्या म्हणलं, बस. पुरं ऐक, मग जा.

त्या साली माझी उमा आठव्या महिन्यात होती. एकुलती एक लेक. ती लहान असतानाच माझं कुंकू गेलेलं. बांगड्या भरणाऱ्या कासाराजवळ तिनं निरोप धाडला, "आव्वाला म्हणा, मला न्यायला ये. हितं माझं काय खरं न्हाय." तिची थोरली जाऊ त्याच घरात पहिल्या बाळंतपणात गेली होती. तीन दिवस अडली, तरी सासूनं, त्या शरणम्मानं, सुईण बोलावली न्हाय. देवाची इभूत लावत बसली. मला एकच कळत होतं, पोरीला त्या घरातनं काढायचं.

आता लेकीला माहेरी आणायची तर मुऱ्हाळी लागतो. बाप न्हायतर भाऊ, घरचा बाप्या माणूस. बाईच्या हाती कुणी लेकसून धाडत न्हाय. माझा भाऊ बसप्पा होता, पण पोलिसांच्या यादीत नाव आलं म्हणून तो हद्द ओलांडून सोलापूरकडं पळालेला. हे म्या कुणाला कळू दिलं नव्हतं, उमालासुदिक. गावातल्या एकेका बाप्याच्या पाया पडले. "शांताक्का, ह्या दिवसांत?" म्हणायचे आन दाराला कडी घालायचे. मिशा तेवढ्या मोठ्या मेल्यांच्या. मग भाकरी बांधली आन निघाले एकटी. लोहाऱ्याहून जळकोट, चालत दीड दिवस.

पहिल्याच नाक्यावर पोलिसांच्या जवानानं आडवलं. "साथ कौन है?"

तोंडातनं आपसूक गेलं, "भाई है. पीछे आरा."

त्यानं मागं रस्त्याकडं बघितलं आन सोडलं. फुडं आडोशाला गेल्यावर मला हसूच आलं. एवढंच व्हय? नसलेला एक भाऊ, आन बाई बिनघोर! मग विहिरीवरच्या बायांनी विचारलं, त्यांनाबी भाऊ. गाडीवानानं विचारलं, त्यालाबी भाऊ. दुपार कलेपर्यंत त्या भावाला पागोटं आलं, मिशा आल्या, आन तो मागं का राहिला म्हणून पायबी मुरगळला.

बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन कोसभर माझ्या बरोबरीनं चालला. त्यालाबी तेच सांगितलं, तर तो खो खो हसला. "आक्का, माझी निम्मी मेंढरं मागंच हायेत. तुमच्या मागं कुणी न्हाय."

म्या झपाझपा पाऊल उचललं. पण माणूस भला निघाला. म्हणाला, "बोला खोटं, पण भाऊ फुडं गेलाय म्हणा. मागच्याची लोक वाट बघत बसत्यात. फुडं गेल्याला कोण बघतंय?" रात्री त्याच्या बायकोनं तळावर मला आपल्याशेजारी जागा दिली. पडल्या पडल्या मनात म्हणलं, शांते, शाणी झालीस गं. कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायला पोचले. शरणम्मा वट्ट्यावर डाळ निवडत होती. नुस्ती मान वर केली. "या विहीणबाई. मुऱ्हाळी कुठाय?"

तिथं खरं बोलायचं होतं, अयोध्ये. पण तोंडाला वळण लागलेलं. म्हणलं, "भाऊ आलाय की. मागनं येतोय. पाय मुरगळला म्हणून वेशीजवळच्या मठात टेकलाय. उमाला धाडा, असंच निघतो."

आतनं उमा आली. पाय सुजून खांब झालेले, डोळे खोल गेलेले. "मामा आलाय, आव्वा?" म्हणाली. "व्हय गं," म्हणलं. तिनं गाठोडं कवाच बांधून ठिवलं होतं. ते घेऊन मला खेटून बसली.

तेवढ्यात व्याही आले, महालिंगप्पा. म्हणाले, "असं कसं? मुऱ्हाळी दारावरनं उपाशी जाईल? आमची काय अब्रू हाय का न्हाय?" त्यांनी माझ्या जावयाला हाळी दिली, "भीमाशंकर, मठात जा. चालवत नसलं तर मामाला खांद्यावर घेऊन ये." पाय धुवायला पाणी काढलं, पाट मांडला, चुलीवर गव्हाची गोड हुग्गी चढली. बिराप्पाचं बोलणं आठवलं मला, पण आता काय उपयोग? उमा माझा हात धरून हुग्गीच्या वासावर हसत होती.

भीमाशंकर एकटाच परत आला. "मठात कुणी न्हाय. स्वामी म्हणत्यात, आज कुणी आलंच न्हाय."

शरणम्मानं आधी उमाला आत लोटलं आन कडी घातली. मग माझ्याकडं वळली. म्या खरं सांगितलं, मुऱ्हाळी न्हाय, एकटीच आले.

"रात्री कुठं होतीस?" अवो-जावो गेलं, एकदम अगं-तुगं. "धनगराच्या तळावर," म्हणलं. ती थुकली.

महालिंगप्पा वरडले न्हाईत. हळूच म्हणाले, "विहीणबाई, एकटी आले म्हणला असता, तर म्या गाडी जुपून पोरीला पोचवली असती. पण दारात उभं राहून खोटं बोलणाऱ्याच्या हाती घरचा जीव कसा देऊ?"

खरंच धाडणार होते, का मला जाळायला बोलले, देवाला ठाऊक. इतकी वर्सं झाली, एक दिवस जात न्हाय हे आठवल्याबिगर.

परतीच्या वाटंवर नाक्यावर तोच जवान. "तेरा भाई कहाँ है?"

"न्हाय," म्हणलं. "एकटीच हाय म्या."

त्यानं नुस्ता हात हालवला. जा म्हणाला.

तीन आठवड्यांनी कासार आला, पण बांगड्यांची पेटी खाली ठिवंना. उमा गेली. पोटातलंबी गेलं. तीन दिवस अडली होती. शेजारच्या बायांनी त्याला सांगितलं, शेवटपतुर ती सासूला एकच म्हणत होती, "नीट बघून या. मामा मठात बसलाय. माझी आव्वा खोटं बोलत न्हाय."