बिनछत्रीची बाई

शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी मिळवायचीच, असं ठरवून देल्मिरा तिसऱ्यांदा मानसिक चाचणीला बसली. चाचणीत पावसातल्या माणसाचं चित्र काढायचं असतं आणि त्याच्या हातात छत्री हवीच, हे ब्युनोस आयर्समध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "छत्री नसली तर डोक्यावर परिणाम झालाय समजतात," असं बहीण रामोनाने बजावलं होतं. देल्मिराने दोनदा इमानदारीत छत्री काढली आणि दोनदा नापास झाली.

आज तिने आपल्या मनातली बाई काढली. तोंड आभाळाकडे, हात मोकळे, भोवती घमेलं, बादली आणि दोन पातेली.

शाळेच्या मानसतज्ज्ञ बाईंनी चष्मा वर सारला. "छत्री विसरलात, सेन्योरा?"

"नाही. मी उत्तरेकडच्या सान्तियागो प्रांतातली, कोरड्या रानातली. तिकडे वाट बघूनबघून पाऊस येतो. तेव्हा छत्री उघडली, तर गाव मला वेडी ठरवेल."

"आणि ही भांडी?"

"पाणी भरायला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करायचा ना."

बाईंनी कागदावर शिक्का मारला. "सकाळपासून अठ्ठावीस छत्र्या बघितल्या," त्या म्हणाल्या. "सोमवारी सहाला रुजू व्हा. येताना ही पातेली आणा, स्वयंपाकघराचं छप्पर गळतं."