सुगंधाची पहिली सही

"ही सही ओळखता का?" नीला वकीलबाईंनी बेलिफाच्या अहवालाची झेरॉक्स मालनपुढे धरली.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसूनच मालनने कागद हातात घेतला. खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. पहिली कुणाची ते देव जाणे. दुसरी होती सुगंधा बाळा घाडी. मोठमोठी, एकमेकांपासून फटकून बसलेली अक्षरं, आणि वरची रेघ मात्र एका दमात ओढलेली.

"शेजारीण आहे," मालन म्हणाली. "भिंतीला भिंत."

अंधेरीच्या चाळीतली मालनची खोली तिच्या नवऱ्याची, लवूची. तो गेला आणि वर्षाच्या आत पुतण्या चंद्रप्रकाशने दिवाणी दावा ठोकला, की खोली माझ्या वडिलांची, काका-काकू नुसते मेहेरबानीवर राहत होते. याच काकूच्या हातचं खाऊन हा गडी मॅट्रिक झाला होता, पण ते दाव्यात लिहायची सोय नसते. दावा लागला की समोरच्याला समन्स जातं. बेलीफ दोनदा आला तेव्हा मालन सूतिकागृहात आयाच्या ड्यूटीवर होती. तिसऱ्या खेपेला त्याने समन्स दारावर चिकटवलं, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि तो गेला. कायद्याच्या लेखी मालनला समन्स मिळालं. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा दारावर कागदाचा कपटाही नव्हता.

तारीख आली नि गेली. मालन हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी लागला. तिला पत्ता लागला तो शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, खोलीचा ताबा घ्यायला माणसं दारात उभी राहिली तेव्हा. वकीलबाईंनी धावपळ करून अर्ज केला की निकाल रद्द करा, बाईचं म्हणणं ऐका. आज त्याचीच सुनावणी होती. अर्ज गेला की खोली गेली.

"चाळीत म्हणतात, ही सुगंधा अंगठेबहाद्दर आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तसं असेल तर ही सही खोटी. पंच खोटा, तर समन्स लावल्याचा अहवालही खोटा. तिला सही येते का, मालनबाई?"

मालनने कागद उलटा करून मांडीवर ठेवला. "रेशनच्या दुकानात अंगठाच लावते ती."

हे खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

उरलेलं अर्धं चाळीत एकट्या मालनला ठाऊक होतं. सुगंधाला तिच्या मुलाच्या, चंदूच्या शाळेत सगळ्यांसमोर अंगठा लावावा लागला, त्या दिवशी ती डोळे पुसत मालनकडे आली होती. मग ड्यूटी नसेल त्या दुपारी दार लोटून दोघी बसायच्या. वही मालनच्या पिठाच्या डब्यामागे असायची, चंदूला दिसू नये म्हणून.

"वयनी, पेन सुटता गो हातातसून."

"घट धर. पेन काय पळान जाता? आधी अक्षरां, मगे रेघ."

तीन महिन्यांनी सही जमली तेव्हा सुगंधाने खापरोळ्या करून आणल्या. "आता रेशनाक सही कर," मालन म्हणाली, तर ही लाजली. "पयली सही बऱ्या कागदार करतलंय, वयनी. थंय कित्याक फुकट घालवू?"

मालन पाणी प्यायला उठली, तर कोर्टाच्या नळावर चंद्रप्रकाशची साक्षीदार म्हणून आलेली सुगंधाच समोर.

"चंदूक कंपनीत चिकटयल्यान त्याने," सुगंधा पुटपुटली. 'त्याने' म्हणजे चंद्रप्रकाशने. "मी काय करू?"

"दारावरचो कागद तू काढलंस?"

सुगंधा पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मालनला फार लागलं ते तेव्हा. पुतण्या परका निघाला हे तिने गिळलं होतं, हे गिळवत नव्हतं. तरी एक आशा होतीच. सुगंधाने नुसतं म्हणायचं, मला सही येत नाही. चाळ साक्षीला होती, मालन तोंड उघडणार नव्हती, आणि चंद्रप्रकाशला सांगायला तिला सबब मिळाली असती, की वकीलबाईने अडकवलं.

पुकारा झाला. सुगंधाने शपथ घेतली. चंद्रप्रकाशच्या वकिलाने विचारलं, समन्स दारावर होतं का?

"होतं. चार दिवस होतं. वहिनीने वाचलं."

मालनने डोळे मिटले. वकीलबाई उलटतपासणीला उठल्या.

"रेशनला तुम्ही अंगठा लावता?"

"हो."

"कारण तुम्हाला सही येतच नाही. बरोबर?"

सुगंधाचा चेहरा उतरला. हो म्हण, मालन मनात म्हणत होती, हो म्हण गो बाय.

"येते," सुगंधा म्हणाली.

जजसाहेबांनी कोरा कागद पुढे करवला. "करून दाखवा."

तिने पेन घट्ट धरलं. एकेक अक्षर उतरलं. शेवटच्या अक्षरापाशी ती थांबली, पेन वर उचललं, आणि सवयीने तिची नजर मालनकडे वळली. बरोबर आहे का, असं विचारणारी तीच नजर. मालनने तोंड फिरवायला हवं होतं. पण मांडीवरचं तिचं बोट तिच्याही नकळत डावीकडून उजवीकडे सरकलं.

सुगंधाने रेघ ओढली.

जजसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. दुपारच्या आत अर्ज फेटाळला गेला.

व्हरांड्यात येताच वकीलबाईंचा आवाज चढला. "अख्खी चाळ म्हणते अंगठा, आणि ही बाई सही करते! शिकवलं तरी कुणी हिला?"

"मी," मालन म्हणाली.

मालनने झेरॉक्सची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मी लांब बसले होते, दिसलं नाही," ती म्हणाली. "रेघ सरळ आली का हो?"